सतरा पिंजऱ्यांचं साखरपाणी

९ जानेवारी

ती. अक्का,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. "तू नक्की काय काम करतोस ते एकदा नीट लिही, दुकानात बायका विचारतात आणि माझी पंचाईत होते," असं तू म्हणतेस. बावीस वर्षांनी का होईना, विचारलंस, हेही नसे थोडके.

मी उंदीर सांभाळतो. यात लाजण्यासारखं काही नाही, तेव्हा बायकांना खुशाल सांग.

सकाळी सातला मी आत जातो. बाहेरचे कपडे खुंटीला लावायचे, आंघोळ करायची, आतले धुतलेले कपडे घालायचे, वर टोपी, मास्क, हातमोजे. त्या अवतारात आरशात पाहिलं तर मीच मला ओळखत नाही. उंदीर मात्र ओळखतात. खोलीला खिडकी नाही. सहा फळ्या, फळीवर दहा पिंजरे. पिंजरा म्हणजे पारदर्शक डबा, त्यात लाकडाचा भुसा, वर खाण्याच्या कांड्या आणि पाण्याची उलटी बाटली. प्रत्येकावर एक कार्ड असतं. पिंजऱ्यात जे जे घडेल ते कार्डावर लिहायचं. इथला नियमच आहे, जे लिहिलं नाही ते झालं नाही.

या खोलीतले उंदीर वडिलांच्या आजाराचे आहेत, अक्का. आणि तुझ्या. जन्मतःच किडनीत पाण्याच्या गाठी, आणि त्या वाढत जातात. आमच्या बाई (प्रयोगशाळेच्या मुख्य, मोठ्या डॉक्टर आहेत, पण सगळे बाईच म्हणतात) त्यावर एक नवं औषध करून बघतायत. निम्म्या पिंजऱ्यांना रोज सकाळी तोंडात औषधाचे थेंब आणि निम्म्यांना नुसत्या तेलाचे. कोणाला काय, ती यादी बाईंच्या कपाटात बंद पाकिटात असते. थेंब सोडणाऱ्यांना माहीत नाही, मलाही नाही. शेवटी किडन्यांचं वजन करायचं आणि मग पाकीट फोडायचं.

परवा बाहेरून पाहुणे आले होते. बाई त्यांना म्हणाल्या, "मशीनला आठवड्याने कळतं ते आमच्या मामांना फळीजवळून जाताना कळतं." मला इथे सगळे मामा म्हणतात. मी खाली बघितलं खरं, पण मास्कच्या आत हसलो.

खरंच कळतं पण. आजारी उंदीर अंग फुगवतो, केस पिंजारतात, पाठीला बाक येतो, कोपरा धरून बसतो. मग त्याचं मी आपल्या घरच्या रीतीने बघतो. असे पिंजरे आता पंधरा-सोळा झालेत. त्यांचा भुसा इतका ओला होतो की मला दिवसातून दोनदा बदलावा लागतो.

दारातून आत जाताना क्षणभर डोळे मिटतो. म्हणतो, देवा, तुझीच लेकरं, माझ्या हातून दुखावली जाऊ नयेत. मग वडील आठवतात. त्यांचा आजार निम्म्या मुलांत उतरतो म्हणे. आपण दोघंच. तुझ्यात उतरला, मी सुटलो. हे कोणी ठरवलं, हा प्रश्न मी देवाला अजून विचारलेला नाही. धीर होत नाही.

तुझ्या ठकीची तपासणी झाली का?

तुझा
बारकू

*

२८ जानेवारी

चि. बारकू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. ब्लाउजचं माप द्यायला आलेली एक जण म्हणाली, "म्हणजे उंदरांच्या दवाखान्यात आहेत का?" मी म्हटलं, "दवाखान्यात नाही, संशोधनात." टेप तिच्या छातीभोवती होता, त्यामुळे तिला वाद घालता आला नाही.

लोक मांजर पाळतात, माझा भाऊ उंदरांना हात जोडतो. आईने हे ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. तिचं अर्धं आयुष्य उंदरांमागे केरसुणी घेऊन धावण्यात गेलं.

आता ऐक. ठकीची तपासणी झाली. आहे. दोन्ही बाजूंना, लहान लहान, पण आहेत. वय चोवीस. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं तर ही म्हणाली, "नकाशात तळी दाखवतात तसं दिसतंय." सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढते ना, तिला सगळं तसंच दिसतं. घरी येऊन भात खाल्ला, झोपली. तेव्हापासून त्यावर एक अक्षर नाही. मी विषय काढला की उठून जाते.

माझं जाऊ दे. माझं कापड जुनं आहे, विरणारच. पण हिचं काल ताग्यातून काढलंय रे. म्हणून विचारते, तुझ्या बाईंच्या औषधाचं काय? गुण येतोय का? तुझा डोळा काय म्हणतो?

आणि "घरच्या रीतीने" म्हणजे काय करतोस? तू मोघम लिहिलंस की मला शंका येते. फोनवर तर हो-हो म्हणून ठेवून देतोस. म्हणून तर पत्राचा हट्ट. कागदावर तुला पळता येत नाही.

अक्का

*

१९ फेब्रुवारी

ती. अक्का,

ठकीचं वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. मामा म्हणून काय लिहावं तिला? नको, काही लिहीत नाही. ती बोलेल तेव्हा बोलेल.

औषधाचा गुण मला सांगता येणार नाही. कोण औषधाचा, कोण तेलाचा, हेच माहीत नाही. एवढंच म्हणेन की काही पिंजऱ्यांत उड्या आहेत आणि काहींत नाहीत. पुढच्या महिन्यात कळेल.

घरच्या रीतीचं विचारलंस. त्यात काही विशेष नाही. जे मलूल दिसतात त्यांना सकाळ-संध्याकाळ वाटीभर साखरपाणी ठेवतो, त्यातच दोन कांड्या भिजवतो. वरच्या बाटलीपर्यंत मान उंचवायचं त्यांना जड जातं. गोड असलं की पितात, चाटूनपुसून पितात. वडील शेवटी असेच प्यायचे, तुझ्या हातून चमच्याने. तुला आठवत असेल.

कार्डावर ते लिहीत नाही. लिहायला हवं हे कळतं, पण हात होत नाही. आपल्याकडे दिलेलं बोलत नाहीत. दारात आलेल्या कोणालाही वडील पाणी द्यायचे आणि आतून आई विचारायची, "कोण होतं?" तर म्हणायचे, "वारा होता." त्या माणसाच्या पोटी जन्माला येऊन मी उंदराला पाजलेलं पाणी कार्डावर मिरवू?

सध्या असे सतरा पिंजरे आहेत. मला सगळ्यांचे नंबर पाठ आहेत.

तुझा
बारकू

*

४ एप्रिल

ती. अक्का,

वाईट बातमी आहे, म्हणून चार दिवस पेन हातात घेत नव्हतो.

प्रयोग संपला. उंदरांना झोपेचा वायू देऊन निजवलं. त्यांना काही कळलं नाही, हे मी स्वतः उभा राहून पाहिलं. प्रत्येकाच्या वेळी मनात हात जोडले. मग किडन्या काढल्या, वजनं झाली, पाकीट फोडलं.

फरक नाही. औषधवाल्यांच्या किडन्या जराशा हलक्या निघाल्या, पण इतक्याशा की तो योगायोगही असू शकतो, असं बाई म्हणाल्या. दोन वर्षांचं काम होतं त्यांचं. दुपारी बघतो तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवलेला. म्हणाल्या, "मामा, चुकीच्या औषधावर जीव लावला हो मी." आतून आणून पाण्याचा ग्लास दिला.

तीस तारखेला समितीची बैठक आहे. त्यात हे औषध बंद करायचं ठरेल. उरलेल्या बाटल्या नष्ट करायच्या, उंदरांची ही जात पुढे वाढवायची नाही.

ठकीला सांगू नकोस. एवढ्यात नको. देवाची इच्छा, दुसरं काय म्हणणार?

तुझा
बारकू

*

१० एप्रिल

चि. बारकू,

देवाच्या माथी मारू नकोस. त्याला आधीच पुष्कळ कामं आहेत.

तुझी तिन्ही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. जानेवारीतलं म्हणतं, सतरा पिंजऱ्यांचा भुसा भिजून चिंब. (तेव्हा पंधरा-सोळा होते, बरोबर.) फेब्रुवारीतलं म्हणतं, त्यांना मी साखरपाणी पाजतो. एप्रिलमधलं म्हणतं, औषध फुकट गेलं. तुला यात काहीच दिसत नाही?

मी शिंपीण. मला काय दिसतं ते सांगते. नवं सुती कापड पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय मी कापत नाही. एकदा घाईत एक बाही भिजवलेल्या तुकड्याची लावली आणि दुसरी कोऱ्याची. पहिल्या धुण्यात एक बाही मनगटावर राहिली, दुसरी कोपराकडे चढली. गिऱ्हाईक म्हणालं कापड वाईट. कापड उत्तम होतं रे. दोन बाह्यांना दोन न्याय मी लावले होते.

आता दुसरं. इतकी वर्षं डॉक्टर माझ्या मागे लागला होता, रोज तीन लिटर पाणी प्या. मी एकदा विचारलं, का म्हणून? तो म्हणाला, शरीराला तहान लागली की अंगात एक रस सुटतो, त्यावर या गाठी पोसतात. पाणी भरपूर गेलं की तो रस आटतो, गाठी सावकाश वाढतात. पाणी हेच निम्मं औषध, असे त्याचे शब्द.

मग तुझ्या मलूल उंदरांना तू काय पाजलंस? आणि मलूल कोण होते? ज्यांना नुसतं तेल मिळत होतं तेच ना बहुतेक? म्हणजे एका बाजूला बाईंचं औषध आणि दुसऱ्या बाजूला तुझं. मग फरक दिसणार कुठून?

बारकू, औषध चांगलं असेल. तुझ्या दयेने त्याला मारलंय. तीस तारखेच्या आत बाईंना सांग.

अक्का

*

१७ एप्रिल

ती. अक्का,

तुझं पत्र मिळालं. इकडे सर्व ठीक आहे. इमारतीला बाहेरून रंग देणं चालू आहे, फिकट पिवळा. जुना बरा होता. गुडघा सकाळी जरा धरतो, चालायला लागलं की सुटतो. आमच्या स्टोअरचा कारकून या महिन्यात निवृत्त झाला, त्याला घड्याळ दिलं. सगळे म्हणाले, पुढचा नंबर मामांचा, एक डाग नाही इतक्या वर्षांत.

तू तब्येतीचं काही लिहिलं नाहीस.

तुझा
बारकू

*

२१ एप्रिल

चि. बारकू,

रंग आला, गुडघा आला, घड्याळ आलं. उंदीर एकही नाही. म्हणजे तू सांगितलेलं नाहीस.

रागावत नाही. भीती मला कळते. बावीस वर्षं ज्या घराने मान दिला, तिथे उभं राहून आपण होऊन म्हणायचं की मी नियम मोडला. माझ्याने झालं असतं का, सांगता येत नाही. त्या दोन बाह्यांच्या वेळी मी कापडावरच ढकललं होतं. ते अजून टोचतं, म्हणून तर तुला एवढ्या तपशिलाने लिहू शकले.

वडिलांचं तू निम्मंच धरून ठेवलंस. धाकटा होतास, उरलेलं तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. शेजाऱ्याच्या विहिरीवरून एक घागर जास्त आणली तर संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन सांगून यायचे, "आज तुझी एक घागर घेतली." शेजारी हसायचा. म्हणायचा, घागरीचं काय सांगता? तर म्हणायचे, "दिलेलं सांगू नये. घेतलेलं सांगावं."

उंदरांना तू दिलंस, ते खरं. पण बाईंचं घेतलंस. दोन वर्षं घेतलीस त्यांची, आणि त्यांना वाटतंय आपलंच चुकलं.

ठकीचं नाव मी या पत्रात मुद्दाम घालत नाही. तिच्यासाठी सांगू नकोस. खरं आहे म्हणून सांग.

अक्का

*

३ मे

ती. अक्का,

सांगितलं.

तुझं पत्र सव्वीसला मिळालं. रात्र कशीबशी काढली. सकाळी आत जाण्याआधी दारापाशी डोळे मिटले, पण मागायला काही सुचेना, तसाच वळलो आणि बाईंच्या खोलीत गेलो. बाई समितीचे कागद लावत होत्या.

"बाई, एक सांगायचंय."

"सुट्टी हवी असेल तर अर्ज ठेवा मामा, बघते मी."

"सुट्टी नको. त्या उंदरांतल्या काहींना मी साखरपाणी पाजत होतो. दिवसातून दोनदा. कार्डावर लिहिलं नाही."

त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "कोणत्या?"

"जे आजारी दिसले ते."

"नंबर, मामा. नंबर सांगा."

मी सतराच्या सतरा नंबर सांगितले, कोणत्या तारखेपासून, किती वाट्या, तेही. त्या लिहीत गेल्या. उठून कपाटातून यादी काढली आणि एकेका नंबरापुढे पेन टेकवत खाली आल्या. शेवटी म्हणाल्या, "पंधरा. सतरातले पंधरा तेलवाले."

मग भडकल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "तीस तारखेला मी या औषधाला माती देणार होते! स्वतःच्या हाताने! एक ओळ, मामा. कार्डावर एक ओळ लिहायला काय झालं होतं?"

मी वडिलांचं सांगितलं, वाऱ्याचं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे घर नाही मामा."

"नाही बाई."

"पाण्याने गाठी आटोक्यात राहतात, हे मीच पोरांना शिकवते," त्या म्हणाल्या, पण माझ्याशी नाही, भिंतीशी. "आणि माझ्याच खोलीत..."

तीस तारखेला समितीपुढे मला उभं केलं. लांब टेबल, पाच जण. मधल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कारवाई होऊ शकते, कल्पना आहे ना?"

"हो साहेब."

"मग आता का सांगताय? कोणाला कळलं नसतं."

मी काही तयारी करून गेलो नव्हतो. तोंडून आलं, "औषधावर खोटा आळ आलाय, साहेब."

एकाने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

निकाल असा, की माझ्या नावावर लेखी ताकीद. दीड महिना पिंजरे धुण्याच्या खोलीत काम. आणि प्रयोग पुन्हा, पहिल्यापासून.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "दीड महिन्यानंतर ती खोली तुमच्याकडेच येणार आहे. मी मागून घेतलीय." मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्या म्हणाल्या, "यादी न बघता सतरातले पंधरा बिनचूक ओळखले तुम्ही. असा डोळा मला दुसरीकडे कुठे मिळणार? पण मामा, डोळे उघडे आणि हात बांधलेले. जमेल?"

मी म्हटलं, जमवतो.

बावीस वर्षांच्या कोऱ्या कागदावर डाग पडला अक्का. धुण्याच्या खोलीत गरम वाफ असते, तिथे उभा राहून मी काल चक्क गुणगुणत होतो. माझं मलाच नवल वाटलं.

तुझा
बारकू

*

१४ मे

चि. बारकू,

शाबास. मोठं लिहायला आज बळ नाही, पण हा शब्द दोनदा लिहिते. शाबास.

आता माझीही एक लपवाछपवी. मार्चअखेरपासून मी डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा, चार चार तास मशीनला जोडून ठेवतात. दहा एप्रिलचं आणि एकवीसचं पत्र त्या खुर्चीत बसून लिहिलेलं आहे. डावा हात मशीनचा, उजवा माझा. अक्षर वेडंवाकडं आलं होतं, तुझ्या लक्षात आलं नाही. उंदराच्या पाठीचा बाक दिसतो आणि बहिणीचं अक्षर दिसत नाही, वा रे डोळा!

मुद्दामच कळवलं नाही. कळवलं असतं तर तू माझ्या कीवेपायी बाईंकडे गेला असतास. मग ते सांगणं तुझं राहिलं नसतं.

रडत बसू नकोस. शिलाई चालू आहे, मशीन नसलेल्या दिवशी. काज-बटणं तर मी इथे खुर्चीतही एका हाताने जमवेन, पण नर्स सुई दिसली की ओरडते. मी म्हटलं, "तुम्ही एवढ्या मोठ्या सुया खुपसता तेव्हा मी ओरडते का?"

ठकीने तुझं पत्र वाचलं. मी दिलं नव्हतं. गादीखालून काढून वाचलं तिने. काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना लिटरची बाटली भरून घेतली.

अक्का

*

६ डिसेंबर

ती. अक्का,

काल दुसऱ्यांदा पाकीट फोडलं. बाईंनी कात्री माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "कापा मामा." माझा हात तुझ्यासारखा सरळ चालत नाही, पाकीट वाकडंच कापलं गेलं.

हे पाच महिने कसे गेले ते मला आणि देवालाच ठाऊक. नियम असा होता की उंदीर मलूल दिसला की आधी कार्डावर लिहायचं, मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं. मऊ खाणं द्यायचं ठरलं तर एकाला नाही, साठही पिंजऱ्यांना, एकाच दिवशी, मोजून. बावीस नंबरचा एक होता. कोपऱ्यात, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर यायला वीस मिनिटं होती. मी पिंजऱ्यासमोर हात पाठीमागे धरून उभा राहिलो. पाणी तीन पावलांवर होतं. त्या वीस मिनिटांत मी देवाकडे पहिल्यांदा काही वेगळं मागितलं. म्हटलं, दया दिलीस, आता तिला आवर घालायचं बळ दे. कार्डावर आधीच लिहून झालं होतं, "२२, पाठीला बाक, सकाळी ८.१०." माझ्या अक्षरात इतकी साधी ओळ मी कधी इतक्या कष्टाने लिहिली नव्हती.

आता निकाल. लहानपणापासून औषध मिळालेल्यांच्या किडन्या तेलवाल्यांच्या निम्म्या वजनाच्या निघाल्या. निम्म्या, अक्का! बाईंनी दोन ताटल्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. एकीत फुगलेली, फिकट, गाठीगाठींची. दुसरीत शेंगदाण्याच्या रंगाची, गुळगुळीत, जवळजवळ निरोगी. खोलीत सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाई रडत होत्या आणि मास्क ओला झाला म्हणून स्वतःवरच चिडत होत्या.

पुढचं लिहिताना पेन अडतं. यावेळी एक गट असा होता ज्यांना औषध उशिरा सुरू केलं, गाठी पुष्कळ वाढल्यावर. त्यांना जवळजवळ काही फायदा नाही. औषध गाठी वाढू देत नाही, पण वाढलेल्या परत नेत नाही. आणि माणसांपर्यंत यायला अजून वर्षं आहेत, बाई म्हणतात सात-आठ, तेही मधे काही बिघडलं नाही तर.

मी बाईंना तुझ्याबद्दल सांगितलं, पहिल्यांदाच. त्या म्हणाल्या, "बहिणीला फायदा होणार नाही हे माहीत असतं, तरी सांगितलं असतंत?" मी म्हटलं, "तीच तर माझ्या मागे लागली होती."

तुझा
बारकू

*

१५ डिसेंबर

चि. बारकू,

अनेक, अनेक आशीर्वाद.

मला उपयोग नाही, हे तू इतकं जपून लिहिलंस की मलाच तुझी दया आली. अरे, शिंपिणीला का हे कळत नाही? फाटलेलं रफू होतं, नव्यासारखं होत नाही. मी आशा लावली होती ती माझ्या कापडावर नव्हती.

सात-आठ वर्षांनी ठकी एकतीस-बत्तीसची असेल. आपले वडील त्या वयात विहिरीवरून दोन दोन घागरी आणत होते. परवा तिने स्वतःहून डॉक्टरांना फोन लावला. असल्या औषधाच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या तर माझं नाव घ्या, म्हणाली. वर मला ऐकवलं, "उंदरांनी एवढं केलं, मला काय झालं?" तिच्या तोंडून या आजाराबद्दल निघालेलं ते पहिलं वाक्य. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच भांडी हलवत राहिले.

तुझं पत्र आज मशीनच्या खोलीत वाचलं. मोठ्याने वाचायचा विचार नव्हता, पण दुसऱ्या ताटलीपर्यंत आले आणि आवाज आपोआप चढला. आठ खुर्च्या आहेत आमच्या. सगळ्यांची मशीनं घरघर करत होती, पण माणसं ऐकत होती. बावीस नंबरच्या पिंजऱ्यापाशी तर नर्सही येऊन उभी राहिली. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक रिटायर्ड ड्रायव्हर असतात. सहसा डोळे मिटून पडलेले, कोणाशी बोलत नाहीत. त्यांनाही हा आजार घराण्यातूनच आलेला आहे, आणि दोन मुलगे आहेत. ते उठून बसले.

म्हणाले, "ताई, म्हणजे हे औषध तुमच्या भावाने शोधलं?"

मी म्हटलं, "छे हो. शोधलं बाईंनी. माझ्या भावाच्या हातून ते मरत होतं."

"मग?"

"मग त्याने सांगितलं."

म्हणाले, "वाचा पुन्हा. पहिल्यापासून."

आणि बारकू, ताठ मानेने वाचलं मी.

अक्का